अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि माझी वैतागलेली उत्तरं

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं साउथ जर्सीत, म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागात राहते, म्हणजे डेलावेअर नदीच्या अलीकडे, पलीकडे फिलाडेल्फिया. दर दोन वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की भारतातून फोन आणि मेसेज सुरू होतात, आत्यापासून शाळेच्या ग्रुपमधल्या बेंचमेटपर्यंत सगळ्यांना अमेरिकेच्या राजकारणावर काहीतरी विचारायचं असतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना विचारायचं नसतंच, सांगायचं असतं. तेच तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. यात माझी मतं भरपूर आहेत, नसतील पटत तर सोडून द्या.

तू नक्की कोणाच्या पार्टीची?

रजिस्ट्रेशन डेमोक्रॅट म्हणून आहे, आणि हे मी लपवलं तरी उपयोग नाही कारण इथे मतदार यादीत तुमचा पक्ष सरळ लिहिलेला असतो आणि ती यादी सार्वजनिक असते. आपल्याकडे कल्पना करा, यादी क्रमांकापुढे कमळ की हात ते छापलंय! मत कोणाला दिलं ते मात्र गुप्त. पण पार्टीची भक्ती वगैरे माझ्यात नाही, आमच्याच राज्याचे तेव्हाचे डेमोक्रॅट सिनेटर (म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले खासदार) बॉब मेनेंडेझ यांच्या घरी सोन्याच्या विटा आणि जॅकेटच्या खिशात कोंबलेल्या नोटा सापडल्या, २०२४ च्या जुलैत दोषी ठरले, नंतर अकरा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ‘आमचे ते स्वच्छ’ हे गाणं मी म्हणत नाही.

जास्त मतं मिळवून माणूस हरतो कसा? हा काय प्रकार आहे?

हा प्रश्न बाबांनी मला २०१६ ला विचारला होता आणि मला तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं, कारण उत्तर देताना मलाच ते खुळचट वाटत होतं. हिलरी क्लिंटनना जवळपास २९ लाख मतं जास्त पडली आणि अध्यक्ष झाले ट्रम्प. त्याआधी २००० मध्ये अल गोर यांचं तेच झालं, देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे, आणि फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे, संपला विषय.

हे समजायला एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, की अमेरिकेत अध्यक्षपदाची ‘एक’ निवडणूक होतच नाही. पन्नास राज्यांच्या पन्नास वेगळ्या निवडणुका होतात आणि एक राजधानी वॉशिंग्टनची. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं, सगळी मिळून ५३८, जो २७० गाठेल तो जिंकला. बहुतेक राज्यांत एका मताने जरी पुढे असलात तरी राज्याची सगळीच्या सगळी मतं तुमच्या झोळीत. फक्त मेन आणि नेब्रास्का थोडी वाटून देतात. म्हणून कॅलिफोर्नियात पन्नास लाख मतांनी जिंका नाहीतर पाच मतांनी, मिळणार ५४ च.

यात गंमत अशी की लहान राज्यांना जास्त भाव. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांपेक्षा कमी, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या आसपास, त्यांना तीन इलेक्टोरल मतं आणि दोन सिनेटर. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक, त्यांनाही सिनेटर दोनच. लोक म्हणतात घटनाकारांनी विचारपूर्वक केलंय, असेल, पण त्या विचारात गुलामांना तीन-पंचमांश माणूस धरण्याचा हिशोबही होता हे सांगायला लोक विसरतात.

२०२४ ला मात्र ही भानगड झाली नाही, कमला हॅरिसविरुद्ध ट्रम्प दोन्हीकडे जिंकले, ३१२ विरुद्ध २२६, आणि एकूण मतांतही साधारण दीड टक्का पुढे. तरी बघा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतला फरक मिळून साधारण २ लाख ३० हजार मतं, आणि देशात मतदान झालं पंधरा कोटींच्या वर. तेवढी मतं इकडची तिकडे झाली असती तर अध्यक्ष दुसराच.

म्हणजे तुझ्या मताला काही किंमत आहे का?

अध्यक्षाच्या बाबतीत? फारशी नाही. न्यू जर्सी ठरलेली असते. पण आमचं दुर्दैव असं की आमचे टीव्ही चॅनल फिलाडेल्फियाचे, आणि पेनसिल्व्हेनिया म्हणजे १९ मतांचं स्विंग स्टेट, कधी इकडे झुकणारं कधी तिकडे, त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्ही दुसऱ्याच्या लग्नाची वाजंत्री ऐकत बसतो. हवामान बघायला टीव्ही लावावा तर आधी चार जाहिराती, एकीत कमला देश बुडवणार, दुसरीत ट्रम्प बुडवणार, आणि मग तो पावसाचा नकाशा. नदीपलीकडे बक्स काउंटीत ट्रम्प तात्या मॅकडोनाल्डमध्ये एप्रन घालून बटाट्याचे फ्राइज तळायला आले होते (२० ऑक्टोबर २०२४), इकडे जर्सीत कोणी चहा विचारायलाही येत नाही.

तुमचा निवडणूक आयोग काय करतो मग?

नाहीये! तिकडच्या लोकांना हे ऐकून सगळ्यात मोठा धक्का बसतो. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची एक संस्था आहे पण ती फक्त पैशांचे नियम बघते, आणि तेही कित्येकदा तीन विरुद्ध तीन होऊन अडकायचं. निवडणूक घेतं ते राज्य, आणि खरं काम करते काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी, अशा तीन हजारांवर काउंट्या. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, मतपत्रिका वेगळी, वेळा वेगळ्या, ओळखपत्र लागतं की नाही ते वेगळं. आणि निवडणुकीचा मुख्य अधिकारी बऱ्याच राज्यांत स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. म्हणजे अंपायरच एका टीमची जर्सी घालून उभा.

माझे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, दर निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची. आदल्या दिवशी साहित्य घ्यायला रांग, मग यष्टीने कुठल्यातरी जतच्या टोकाच्या गावात, शाळेच्या वर्गात बाकावर झोप, सकाळी मॉक पोल, रात्री साहित्य जमा करून घरी यायला दोन वाजायचे, आल्यावर पहिला शब्द “सुटलो बाबा”. मला लहानपणी वाटायचं हे काहीतरी युद्धावर जातात.

तर ते रक्तात असेल म्हणा, मी सिटिझन झाल्यावर इथे पोल वर्कर म्हणून नाव दिलं. दोन-अडीच तासांचं ट्रेनिंग, दिवसाचे तीनशे डॉलर, आणि पहाटे सव्वापाचला फायर हाउसमध्ये हजर. आगीचे बंब बाहेर काढून ठेवलेले, त्या जागेत घडीची टेबलं, डोनटचा खोका, आणि आम्ही चार जण: कायद्यानेच दोन डेमोक्रॅट दोन रिपब्लिकन. माझ्या टेबलावर जे रिपब्लिकन आजोबा असतात ते निवृत्त प्लंबर, लाल जाकीट, ट्रम्पचे कट्टर. मशीन उघडलं की आधी कागदाची पट्टी निघते, सगळ्या उमेदवारांपुढे शून्य शून्य शून्य, त्यावर आम्ही चौघांनी सह्या करायच्या, बाबांच्या मॉक पोलची आठवण येते मला. सहा वाजता दार उघडायचं, रात्री आठला बंद, मधे चौदा तास ते आजोबा आणि मी एका टॅबलेटवर लोकांच्या सह्या जुळवतो. ते मला त्यांच्या बायकोचं मीटबॉलचं सँडविच देतात (मी खात नाही, गाईचं असतं), मी त्यांना चकली देते (ते खातात). निवडणूक चोरीला गेली असं त्यांना २०२० बद्दल अजून ठाम वाटतं, पण आमच्या फायर हाउसमध्ये नाही हं, इथलं सगळं नीट असतं, दुसरीकडे कुठेतरी चोरतात. प्रत्येकाला आपलं केंद्र स्वच्छ आणि दुसऱ्याचं घाणेरडं वाटतं असं माझं निरीक्षण आहे.

शाई लावतात का? ईव्हीएम आहे का? २०२० ला खरंच घोटाळा झाला का?

शाई नाही, ‘मी मत दिलं’ असा स्टिकर मिळतो, तो लोक शर्टावर लावून फिरतात. मशीन राज्याराज्यात वेगवेगळी, पण आता बहुतेक ठिकाणी कागद असतोच, एकतर कागदावर गोल भरून स्कॅन करायचा नाहीतर मशीन कागद छापतं.

घोटाळ्याचं म्हणाल तर ट्रम्पच्या बाजूने साठावर केसेस झाल्या, जवळपास सगळ्या उडाल्या, त्यातले काही जज तर ट्रम्पनीच नेमलेले. त्यांचाच ॲटर्नी जनरल बिल बार डिसेंबरात म्हणाला की निकाल बदलेल असा घोटाळा आम्हाला सापडला नाही. जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले होते, तर २ जानेवारी २०२१ ला ट्रम्पनी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला (म्हणजे राज्याच्या निवडणुकीच्या मुख्य अधिकाऱ्याला) फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं, एक मत जास्त, म्हणजे हिशोब पक्का होता. तो अधिकारी रिपब्लिकनच होता, ब्रॅड रॅफेन्सपर्गर, तो नाही म्हणाला. मी वर अंपायरला नावं ठेवली ना, त्यात हा एक अपवाद धरा. आणि मशीन कंपनीबद्दल खोटं दाखवलं म्हणून फॉक्स न्यूजला २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन सेटलमेंट करावी लागली. फॉरवर्ड करताना आपल्यालाही असं बिल आलं असतं तर किती ग्रुप शांत झाले असते.

निकाल लागायला इतके दिवस का लागतात? आपल्याकडे दुपारपर्यंत कळतं.

आपल्याकडे दुपारपर्यंत कळतं कारण आपण मतदान एप्रिलमध्ये करतो आणि मोजतो जूनमध्ये! २०२४ ला १९ एप्रिल ते १ जून सात टप्पे आणि ४ जूनला मोजणी, विसरलात का? इथे मोजणी त्याच रात्री सुरू होते. उशीर होतो तो पोस्टाने आलेल्या मतांमुळे. पेनसिल्व्हेनियात कायदा असा की मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत पोस्टाची पाकिटं उघडायचीच नाहीत. मग २०२० ला काय झालं, लाखो पाकिटं पडून, ती बहुतेक डेमोक्रॅट लोकांची कारण कोविडमध्ये तेच घरी बसून मत देत होते, रात्री ट्रम्प पुढे, तीन दिवसांनी बायडन पुढे, शनिवारी ७ तारखेला निकाल जाहीर, आणि तोवर अर्ध्या देशाची खात्री पटली की मधे काहीतरी शिजलं. त्यानंतर कायदा बदलायला काय हरकत होती? नाही बदलला. घोडं तिथेच पेंड खातंय.

आणि हो, त्या रात्री ‘जाहीर’ करतं ते सरकार नाही, असोसिएटेड प्रेससारख्या बातमीसंस्था आणि टीव्हीवाले आकडे बघून सांगतात. अधिकृत शिक्कामोर्तब डिसेंबर-जानेवारीत. ६ जानेवारीला संसदेत मतं उघडतात, २०२१ ला याच दिवशी जमाव घुसला होता.

मंगळवारीच का? सुट्टी का देत नाहीत?

१८४५ चा कायदा. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, शेतकऱ्याला घोडागाडीने तालुक्याला जायला एक दिवस, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. घोडे गेले, मंगळवार राहिला. देशभर सुट्टी नाही, काही राज्यांत आहे. सकाळी सहाला आमच्या दारात उभे असतात ते नर्स, बांधकामवाले, वॉलमार्टच्या शिफ्टचे लोक, आणि साडेसातला ज्याची गाडी निघते तो रांग बघून परत जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. लवकर मतदानाची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, पण ज्याला सोय हवी त्यालाच ती माहीत नसते.

कमला आपली होती ना? मग आपल्या लोकांनी का नाही निवडून दिली?

बसा, हे लांबणार आहे.

कमला हॅरिसची आई श्यामला गोपालन तमिळ, आजोबांचं गाव तमिळनाडूतलं तुलसेंद्रपुरम, तिथल्या देवळात तिच्यासाठी पूजा झाली. उपाध्यक्ष व्हान्स यांची बायको उषा, तिचे पूर्वज आंध्रातले, तिथल्या गावातही प्रार्थना झाली. दोन्हीकडचे देव कामाला लावले आपण. विवेक रामस्वामी ओहायोत रिपब्लिकन, झोहरान ममदानी २०२५ ला न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला, आई सिनेदिग्दर्शिका मीरा नायर, आणि तो स्वतःला समाजवादी म्हणवतो. आता सांगा यात ‘आपला’ कोण? रामस्वामी आणि ममदानी यांना एका खोलीत कोंडलं तर कुठल्याच मुद्द्यावर एकमत होणार नाही.

मराठी माणूसच हवा असेल तर श्री ठाणेदार आहेत की! चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढले, अस्सल मराठी बोलतात, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) स्वतःच्या खिशातून पैसा ओतून प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, हरले, मग २०२२ ला डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर निवडून आले, २०२४ ला परत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्पवर महाभियोगाचा ठराव आणला तेव्हा त्यांच्याच पक्षातले लोक कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मला एका काकांचा फोन, “काय गं, आपल्या बेळगावकरानं दणका दिला ना?” काका, डेट्रॉइटच्या मतदारांनी त्यांना सीमाप्रश्नासाठी निवडलेलं नाही. तिथले लोक बहुसंख्य काळे आणि कष्टकरी, त्यांना पाणीबिल, बस, शाळा यांचं पडलंय, आणि पुढे मत मागायला जायचंय ते त्यांच्याच दारात.

मला या ‘आपला माणूस’ प्रकाराचा मनापासून कंटाळा आलाय. आडनाव बघून आनंद व्हायला हरकत नाही, मलाही होतो, मतपत्रिकेवर शाळा बोर्डाच्या उमेदवारांत एखादं कुलकर्णी दिसलं की मी दोनदा वाचते. पण त्यापुढे आडनावाचं काम संपतं.

मग ट्रम्प परत कसा आला? तुम्ही लोक झोपला होता का?

इथले माझे डेमोक्रॅट मित्र याला एकच उत्तर देतात, लोक वंशवादी आहेत. काही आहेतच. पण मग न्यू जर्सीचं काय करायचं? २०२० ला बायडन इथे १६ टक्क्यांनी जिंकले, २०२४ ला कमला फक्त ६ टक्क्यांनी. पसेइक काउंटी, जिथे लॅटिनो आणि अरब वस्ती भरपूर, ती चक्क ट्रम्पकडे गेली. ते सगळे चार वर्षांत अचानक गोरे झाले का?

माझं मत सांगते. जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के होती, ती नंतर खाली आली म्हणून अर्थशास्त्रज्ञ खूश, पण दर कमी झाला म्हणजे भाव कमी झाले असं नसतं ना, भाव वर चढून तिथेच बसले. दुकानात कॅश काउंटरवर उभी राहिलेली बाई ग्राफ बघत नाही, पावती बघते. आणि त्यात टीव्हीवर येऊन डेमोक्रॅट सांगायचे की अर्थव्यवस्था उत्तम आहे, तुम्हाला कळत नाही. हे म्हणजे उपाशी माणसाला मेनू कार्ड वाचून दाखवणं.

दुसरं, बायडन. २७ जून २०२४ च्या डिबेटमध्ये अटलांटात जे दिसलं ते घरच्यांना आधी दिसत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. २१ जुलैला माघार घेतली, कमलाच्या हातात उरले १०७ दिवस, प्रायमरी नाही काही नाही, वरातीमागून घोडं. मधे १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्पवर गोळीबार, कानाला लागून गेली, मूठ वर केलेला तो फोटो. आमच्या प्लंबर आजोबांनी तो फोटो गॅरेजात लावलाय.

आणि गंमत बघा, वर्षभरात तीच न्यू जर्सी परत फिरली. नोव्हेंबर २०२५ ला डेमोक्रॅट मिकी शेरिल गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, दणदणीत, आणि प्रचाराचा मुख्य मुद्दा काय, तर विजेचं बिल! जूनमध्ये आमचे विजेचे दर साधारण वीस टक्क्यांनी वाढले होते. तिकडे तुम्ही महावितरणला शिव्या घालता, इकडे आम्ही घालतो. घरपट्टीचं तर विचारूच नका, राज्याची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर.

ट्रम्प मोदींचा मित्र ना? ह्यूस्टनला हातात हात घालून फिरले होते.

२०१९ ला ह्यूस्टन, २०२० ला मोटेरा, आणि २७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ, त्यातला निम्मा रशियाचं तेल घेता म्हणून. सुरतचे हिरे, तिरुपूरचे कपडे, आंध्रची कोळंबी, सगळ्यांना फटका. नंतर आकडे वरखाली होत राहिले, पण मिठ्यांचा आणि टॅरिफचा संबंध नाही हे तरी एकदाचं कळलं असेल. २०२० ला ट्रम्पसाठी होमहवन करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, वाईट दिसतं.

एच-वन-बीवाल्यांसाठी कुठली पार्टी चांगली?

प्रामाणिक उत्तर: एक त्रास देते, दुसरी गोड बोलते. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, ट्रम्पनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. आमच्या ओळखीतला एक मुलगा बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला गेला होता, त्याला कंपनीचा मेल, चोवीस तासांत परत या. पोराने अंगाला हळद लागलेल्या बहिणीला टाटा करून मुंबई विमानतळ गाठला, दुप्पट भावाचं तिकीट काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही. तोवर तो दोह्याला पोचला होता.

पण खरा गळफास ग्रीन कार्डचा आहे, एका देशाला ७ टक्क्यांवर द्यायची नाहीत हा १९९० च्या कायद्यातला नियम, आइसलँडला जो तोच भारताला. त्यानंतर डेमोक्रॅट अध्यक्षही आले, रिपब्लिकनही, फंड रेझरला दोघांनी आपले समोसे खाल्ले, नियम जागेवर.

ग्रीन कार्ड असेल तर मत देता येतं का?

नाही. नाही म्हणजे नाही. गाडीचं लायसन्स काढताना चुकून मतदार नोंदणीच्या रकान्यात टिक झाली तरी नंतर सिटिझनशिप अडकू शकते, हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं, म्हणून फॉर्म वाचून सही करा. देणगी देऊ शकता, ग्रीन कार्डवाल्यांना ते चालतं. एच-वनवाल्यांनी पैसे द्यायचे नाहीत, फुकट स्वयंसेवा चालते. सिटिझनशिपची परीक्षा ऑक्टोबर २०२५ पासून अवघड झालीय, १२८ प्रश्नांतून वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. माझ्या वेळी सहा पुरायचे.

एवढा पैसा येतो कुठून?

२०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, सिटिझन्स युनायटेड नावाचा, त्यानंतर सुपर पॅक नावाच्या संस्था काढून हवा तेवढा पैसा ओतता येतो, फक्त उमेदवाराशी ‘संगनमत’ करायचं नाही म्हणे. इलॉन मस्कनी २०२४ ला २५ कोटी डॉलरच्या वर घातले, शिवाय स्विंग राज्यांत रोज एका माणसाला दहा लाख डॉलर. आपल्याकडे आदल्या रात्री पाकीट वाटताना निदान लाइट बंद करतात! पण पैसा दरवेळी चालत नाही, एप्रिल २०२५ ला विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीशाच्या निवडणुकीत मस्क चीजच्या आकाराची टोपी घालून चेक वाटायला गेले, त्यांचा उमेदवार आपटला. (हो, इथे न्यायाधीशही निवडून येतात, त्यावर परत कधीतरी.)

पोल्सवर विश्वास ठेवायचा का?

आयोवातल्या सर्वात नावाजलेल्या पोलस्टर (मतदानाआधी कल चाचणी घेणाऱ्या) ॲन सेल्झर यांनी मतदानाच्या आदल्या शनिवारी कमला ३ टक्के पुढे दाखवली. ट्रम्प तिथे १३ ने जिंकले. मी त्या शनिवारी आनंदाने शिरा केला होता. ठरवा तुम्ही.

सरकार ‘बंद’ पडतं म्हणजे काय?

आपल्याकडे बजेट पास झालं नाही तर सरकार पडतं. इथे सरकार पडत नाही, पगार पडतो. २०२५ ला १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, तोपर्यंतचा विक्रम. भांडण आरोग्य विम्याच्या सबसिडीवरून, सिनेटमध्ये ६० मतं जमेनात. विमानतळावर तपासणीवाले बिनपगारी उभे, खासदारांचा पगार मात्र चालू.

२०२६ च्या मध्यावधीत काय होणार?

मध्यावधी म्हणजे अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध येणारी ठरलेली निवडणूक, ३ नोव्हेंबरला हाउसच्या (खालच्या सभागृहाच्या) सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या ३५. साधारणपणे अध्यक्षाच्या पक्षाला मध्यावधीत मार बसतो, पण यावेळी लोकांनी मत द्यायच्या आधीच नकाशे फिरवून झालेत. टेक्ससने ऑगस्ट २०२५ मध्ये रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात असा नकाशा केला, कॅलिफोर्नियाने उलट उत्तर म्हणून नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेऊन आपला फिरवला. याला गेरीमँडरिंग म्हणतात, १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांच्या सहीने झालेला मतदारसंघ सॅलामँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता म्हणून. आपल्याकडे मतदारसंघ आखायला निदान परिसीमन आयोग असतो, इथे बऱ्याच राज्यांत जो सत्तेत त्याच्या हातात पेन्सिल. कॅलिफोर्नियाच्या नकाशावर माझे मित्र नाचले, मला नाही नाचता आलं. समोरच्याने शेण खाल्लं म्हणून आपणही खाल्लं, एवढंच ते.

ट्रम्प तिसऱ्यांदा उभा राहणार का?

२०२८ लिहिलेल्या टोप्या विकतायत. १९५१ ची बाविसावी दुरुस्ती सांगते दोनदाच निवडून येता येतं. टोपी घ्यायची तर घ्या.

नोव्हेंबरमध्ये निकालाच्या दिवशी तुला कधी फोन करू?

आत्या, नीट वाच. १ तारखेला आमची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे तुझ्यात-माझ्यात साडेदहा तासांचा फरक. आमची केंद्रं मंगळवारी रात्री आठला बंद होतात तेव्हा तुझ्याकडे बुधवारचे सकाळचे साडेसहा, तुझा चहा व्हायचा असेल. त्यानंतर आम्हाला मशीनच्या पट्ट्या फाडायच्या असतात, सह्या करायच्या असतात, स्टिकरचा उरलेला रोल मोजून पिशवीत घालायचा असतो, आजोबांना त्यांचा चष्मा शोधून द्यायचा असतो. तुझ्याकडे सकाळचे साडेआठ वाजायच्या आधी केलास तर मी उचलणार नाही. आणि उचलला की पहिला प्रश्न ‘कोण जिंकलं’ हा विचारू नकोस, दिवसभर फायर हाउसमध्ये असते मी, तुझ्याकडे टीव्ही आहे, तूच मला सांग.